भिंतीची थरथर

नोकरीच्या ठिकाणी, लातूरच्या एका तेल मिलमध्ये, मोटारींची थरथर मोजणारा काडेपेटीएवढा लेझर सेन्सर मंजुश्रीनं सुट्टीत उदगीरला घरी आणला. देवघराच्या भिंतीला तडा गेला होता आणि तिचा संशय शेजारच्या शिवलिंगकाकांच्या पिठाच्या गिरणीवर होता. देवघरातल्या टेबलावर सेन्सर ठेवून तिनं लाल ठिपका तड्यावर धरला. सकाळी तिचे वडील अप्पा पूजेला बसले, तिकडं गिरणी सुरू झाली आणि सेन्सरला जोडलेल्या मोबाइलवरची रेघ नाचायला लागली.

तीच रेघ तिनं काकांना गिऱ्हाइकांदेखत दाखवली.

"लेकी, तू शिकलेली. तुझं यंत्र खोटं कशाला बोलंल?" म्हणत काकांनी गिरणी बंद केली. बाया ज्वारीचे डबे तसेच घेऊन परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंदच होती. अप्पा पूजेला बसले आणि रेघ तशीच नाचली.

मंजुश्रीनं वळून पाहिलं. डाव्या तळहातावर गळ्यातलं छोटं इष्टलिंग घेऊन अप्पा खुर्चीत बसले होते. उजव्या हातानं डावं मनगट गच्च धरलं होतं आणि कोपर टेबलावर रेटलं होतं, सेन्सरच्या अगदी शेजारी. भिंत हलतच नव्हती, अप्पांच्या हातानं टेबल हलत होतं.

"अप्पा, काल का न्हाई बोललात?"



"बोलायला पायजे होतं गं. पन मग इष्टलिंग हातातून पडायलंय, हे बी सांगावं लागलं असतं."