टक्क्याच्या पुढची ओळ

“टक्क्याच्या चिन्हाचा नंबर काय आहे, ते दाखवायला सांग कॉम्प्युटरला,” सिद्धेश म्हणाला आणि खुर्ची ओढून सुरुचीच्या शेजारी बसला.

सुरुचीची बोटं कीबोर्डवर नुसतीच टेकून राहिली. उत्तर तिला ठाऊक होतं. काल बातमी आल्यापासून ठाऊक होतं.

वसई स्टेशनजवळच्या या ऑफिसात पुस्तकांची अक्षरजुळणी चालायची. इथे कॉम्प्युटरला लेखी आज्ञा द्यायच्या, मग पानं तो मांडायचा. त्याच्या दफ्तरी प्रत्येक चिन्हाला एक नंबर असतो आणि त्या चिन्हाशी कसं वागायचं, हे तो नंबर बघून ठरवतो. टक्क्याचा मूळ नंबर चौदा. चौदा म्हणजे इथून पुढे या ओळीतलं काहीही छापायचं नाही. ती जागा जुळणी करणाऱ्याच्या खासगी टिपणांची. डॉक्टरांच्या मजकुरात तर पावलापावलाला टक्के. म्हणून वैद्यकीय पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एक आज्ञा लिहायची, अशी ऑफिसची पद्धत होती: टक्क्याला बारा नंबर द्या. बारा म्हणजे साधं चिन्ह, मुकाट छापायचं.

नर्सेससाठीच्या पुस्तकात, नवव्या प्रकरणात, सुरुचीने ती आज्ञा काढून टाकली होती. दुरुस्तीच्या शेवटच्या फेरीत तिला स्वतःसाठी दोन टिपणं लिहायची होती, ती छापली जाऊ नयेत म्हणून. टिपणं नंतर पुसली. आज्ञा परत घालायची राहिली. त्या अख्ख्या प्रकरणात टक्का एकदाच आला होता. औषधाचं नाव, आकडा, टक्का, आणि त्याच ओळीत पुढे: नवजात बाळाला पातळ केल्याशिवाय देऊ नये. पुस्तकात आकड्यापर्यंतचं छापलं गेलं, पुढचं सगळं गेलं. गेल्या आठवड्यात एका हॉस्पिटलातल्या नर्सने छापलं होतं तेवढं वाचलं आणि तेवढंच केलं. बाळ चार दिवसांचं होतं. ते गेलं.

सिद्धेशकडे हा धंदा वडिलांकडून आला होता. गिऱ्हाइकं सांभाळण्यात तो वाकबगार, पण जुळणीतलं त्याला ओ की ठो कळत नसे. पुण्याच्या एका जाणकाराने त्याला फोनवर सांगितलं होतं, मजकूर फाईलमध्ये आहे आणि पानावर नाही, तर आधी टक्क्याचा नंबर बघा. नंबर चुकला असेल तर दोष जुळणीचा. नंबर बरोबर असेल तर छापखान्याला कुठलं तरी जुनं, अर्धवट पान गेलं. जुळणी सुरुचीची. पानं तपासून, सही करून छापखान्याला सोडायचं काम स्टॅनीकाकांचं. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलला एक नाव कळवायचं होतं, आणि ज्याचं नाव जाईल त्याने उद्यापासून यायचं नव्हतं.

स्टॅनीकाका समोरच्याच टेबलाशी बसले होते. जवळच्याच उमेळे गावचे, एकसष्ट वर्षांचे, कागद आणि लाल पेन एवढाच संसार. कॉम्प्युटरला ते हात लावत नसत. त्या शेवटच्या फेरीनंतर सुरुची “झालं, काका” म्हणाली होती आणि तिच्या शब्दावर त्यांनी पुन्हा न वाचता सही केली होती.

विरारच्या घरी कमावती ती एकटीच. नवरा, उमंग, कंबरेच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळला होता. आपण खरं सांगत नाही त्याचं हे कारण होतं की नुसती सबब, हे तिचं तिलाच ठरवता येईना. तिने नंबर दाखवायची आज्ञा टाईप केली.

“चौदा,” सिद्धेशने पडद्यावरून वाचलं. “चौदा म्हणजे काय?”

चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, भिंतींनासुद्धा या आकड्याचा अर्थ कळतोय. मग तिने खोलीतल्या माणसांकडे पाहिलं. एकाला कळत नव्हतं आणि दुसरा कागदाचा माणूस होता.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “चौदाच लागतं.”

स्टॅनीकाकांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. आता हे आकांडतांडव करणार, असं तिला वाटलं. ते उठले, पेन खिशाला लावलं आणि पान आपल्याच सहीने गेलंय, आपलंच नाव कळवा, असं शांतपणे सांगून दाराकडे निघाले. बावीस वर्षं त्यांनी इथे काढली होती. सुरुचीला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याची लगेच शिसारीही आली.

सिद्धेशने फोन उचलला. लहान मुलांच्या औषधांचं पुस्तक त्याने कालपासून छापखान्यात अडवून ठेवलं होतं. ते तपासून झाल्यावर पानांचं माप बदललं होतं, म्हणून सगळी प्रकरणं याच नवव्या प्रकरणाच्या साच्यात नव्याने बसवून घेतली होती. साच्यातच खोट असेल तर, या भीतीने तो थांबला होता. आता शंका मिटली, चौदा आहे, बरोबर आहे, घ्या मशीनवर, असं तो सांगत होता.

त्या पुस्तकातही प्रत्येक टक्क्यापुढचा मजकूर गळणार, हे सुरुचीला कळलं. एक वाक्य पुरलं असतं. पलीकडच्या माणसाचं “घेतो” तिलाही ऐकू आलं.

दाराशी पोचलेले स्टॅनीकाका मागे फिरले आणि त्यांनी सिद्धेशचा हात मनगटाशी धरला.

“थांबव ती छपाई. टक्क्याला बारा लागतं. ही नवीन होती ना, तेव्हा डबा खाताना हिनेच मला सगळं हौसेने समजावलं होतं.” मग ते सुरुचीकडे वळले. “एक बाळ मी माझ्या माथ्यावर घेतलं, पोरी. दुसरं नाही घेणार.”