गेटच्या आत मावशी

पोरगी घसरगुंडीवरून तोंडावरच आपटली. गुडघा फुटला, हनुवटी सोलली. साधी ठेच लागली तरी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून आधी ‘आई गं’च निघतं. हिनं तेवढंही गिळलं. उठली, फ्रॉक झटकला आणि लंगडत पाळणाघराच्या मावशीपाशी आली.

मावशी एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. त्याच्यामागे अजून दोघं होते. पोरगी त्यांच्यामागे थांबली. नंबर आल्यावर म्हणाली, “मावशी, लागलंय.”

ही मावशी म्हणजे तिची सख्खी आई.

शाळा सुटल्यावर लेकीला इथंच बसवायला संचालिकाबाईंनी परवानगी दिली होती, पण अट घालून. गेटच्या आत आई म्हणायचं नाही. एकीनं म्हटलं की बाकीची पोरंही आईसाठी भोकाड पसरतात. मग ही अट पाच वर्षांच्या पोरीकडून घोकून कुणी घेतली? आईनंच. काय करणार? नाहीतर पोर कुलूपबंद घरात एकटी. दिवसभर लोकांची पोरं कडेवर घ्यायची, आणि आपल्या पोटच्या पोरीला ओळख द्यायची नाही!

तेवढ्यात बाई आल्या. प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या एका आईला जागा दाखवत होत्या.

“ही मावशींची स्वतःची मुलगी. पण बघा, जराही हट्ट नाही. आमच्याकडे सगळी मुलं सारखी.”

पाहुणी कौतुकानं हसली. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघा पुसायला घेतलेला कापूस हातात तसाच राहिला.

“आई म्हण,” ती लेकीला म्हणाली. “मोठ्यानं म्हण.”

पोरीनं बाईंकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, “इथं नको. तुला रागावतील. बाहेर गेल्यावर म्हणते ना.”

तिनं लेकीला उचललं, गेटची कडी काढली आणि सरळ रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

“अहो मावशी, कामाची वेळ आहे!” बाई आतून ओरडल्या. “आत्ता आत आला नाहीत, तर उद्यापासून येऊच नका!”

“आता म्हण,” ती लेकीला म्हणाली.

“आई गं!” पोरगी जी सुरू झाली, ती थांबेना. आतली पोरं खेळायची थांबली. नाडीवाल्यानं ओठ काढला. मग एकेक करत सगळ्या पाळणाघरानं तोच सूर धरला.