उपडा पेला

बैरुतच्या फवाझ मास्तरांनी कादंबरी प्रकाशकाकडे दिली, त्याला अकरा महिने झाले होते. तेव्हापासून त्यांचा फोन आंघोळीलासुद्धा सोबत जायचा. रोज सकाळी कॉफी संपली की ते पेला बशीवर उपडा घालायचे आणि शेजारच्या उम्म तौफीककडे घेऊन जायचे. म्हातारी पेल्याला चिकटलेल्या गाळाच्या रेघा बघून भविष्य सांगायची.

"फोन येणार, मास्तर. रस्ता अगदी मोकळा दिसतोय."

"कालपण हेच म्हणालात."

"मग? कॉफी तीच, पेला तोच. तुमचं नशीब काय रोज बदलतंय?"

घरी आले की बायको, हियाम, टोमणा मारायचीच. "अहो, कादंबरीत त्या म्हातारीला अख्खी चाळीस पानं दिलीत. ती कशाला वाईट सांगेल?"

आणि गुरुवारी फोन आला. खुद्द प्रकाशकच बोलत होता. मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हियामला गप्प राहायची खूण केली.

"मास्तर, तुमची कादंबरी एका बैठकीत वाचून काढली. त्यातली ती पेला बघून भविष्य सांगणारी बाई खरंच आहे का हो?"

"आहे ना, आमच्या शेजारीच राहते," मास्तर म्हणाले.

"मग तिचा नंबर द्या. कादंबऱ्या छापणं बंद करावं म्हणतोय, त्याआधी एकदा तिला विचारून घेतो."