डोळ्याखालचा भोवरा

उंच अडथळ्यांवरून उड्या मारणारं शिंगरू हवं, म्हणून अण्णासाहेब आपली घोडी घेऊन वाटूरला रखमाजीच्या तबेल्यावर आले होते. रेसमधून आणलेल्या, एक काळा नि एक तांबडा अशा दोन थरोब्रेड घोड्यांभोवती सकाळपासून त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. मनात काळा भरला होता, पण त्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. असला घोडा मालकाला रडवतो म्हणतात!

शेवटी जिवावर आल्यासारखं ते म्हणाले, "घोडीला तांबडाच लावू."

रखमाजी तांबड्याला सोडायला वळला, तोच काळ्यानं दावं तोडलं आणि छातीएवढं कुंपण ओलांडून तो घोडीपुढं येऊन उभा राहिला. घोडी त्याच्याकडं सरकली.

"अरे, धर त्याला! भोवरा हाय त्याला!"

रखमाजी जागचा हलला नाही. "तुम्ही सकाळपून भोवराच बघून राह्यले, अण्णासाहेब. घोडीनं उडी बघितली."