येळवशीची आंबील

रान विकलं आणि खंडानं कसायला परत घेतलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, "काय बदललं? माती तीच, राबणारे आपणच."

येळवशीच्या अमावास्येला नेहमीसारखी रानात कडब्याची कोप उभारली, तिच्या आडोशाला पूजा मांडली. रानाच्या नव्या मालकांना, लातूरच्या डॉक्टरांना, जेवायला बोलावलं. पूजा झाल्यावर बायको पिकावर शिंपडायची आंबील घेऊन उठली. मी सवयीनं हात पुढे केला. तिनं मडकं डॉक्टरांकडं दिलं. "मालकानं शिंपडायची असते," ती हळूच म्हणाली.

डोक्याएवढी उंच ज्वारी पिवळ्या उन्हात डुलत होती. डॉक्टर आंबील शिंपडत तिच्यात विरून गेले. स्वप्नातल्यासारखं वाटलं, ज्वारीत चालतोय तो मीच आहे.

जेवणं झाली. निघताना डॉक्टर प्रेमानं माझा हात धरून म्हणाले,

"पुढच्या येळवशीलाही आमच्या रानात जोडीनं या."