लवकर उघडणारा व्हॉल्व

जुना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी सोडणारा व्हॉल्व, विश्रामने फडक्यावर काढून ठेवला. त्यात काहीच बिघाड नव्हता. बिघाड इंजिनच्या हेड गॅस्केटमध्ये होता, आणि गाडीचे मालक कमलाकांतशेठ ते जाणून होते.

"हेड खोलावंच लागेल, शेठ. नाहीतर चढणीला पाणी उकळणार."

"मला कुठं चढण चढायचीय? आज गाडी विकायचीय. तू नुसता तो लवकर उघडणारा व्हॉल्व टाक. तापमानाची सुई खाली राहिली म्हणजे झालं."

विश्राम बावीस वर्षं बोईसरच्या याच शेडमध्ये गाड्या दुरुस्त करत होता. शेड शेठच्या जागेत होती. त्याने मुकाट्याने नवा व्हॉल्व बसवला. आता इंजिन पुरतं तापायच्या आतच पाणी रेडिएटरकडे वळणार होतं. पालघरपर्यंत सपाट रस्त्याने जाऊन यायला तेवढं पुरे होतं.

अकराच्या सुमारास गिऱ्हाईक आलं. विक्रमगडच्या पुढच्या पाड्यावरचा चिंतू, आणि त्याची बायको सपना. इतकी वर्षं दुसऱ्यांचा टेम्पो चालवलेला चिंतू पहिल्यांदा स्वतःची गाडी घेत होता. तो पालघरपर्यंत चक्कर मारून आला. सुई हलली नव्हती. तरी त्याने शेठला काही न विचारता विश्रामला विचारलं,

"दादा, तुमचा हात लागलाय ना गाडीला? सोमवारपासनं पाड्यावरच्या आठ पोरी जव्हारला कॉलेजात सोडायच्या हायत. घाट चढंल ना?"

शेठ मोबाइलमध्ये बघत होते. पण बोट थांबलं होतं.

"चढेल," विश्राम म्हणाला.

चिंतूचा चेहरा खुलला. सपनाने पिशवीतून नारळ काढला, पदराने पुसला आणि विश्रामपुढे धरला.

"तुमीच फोडा, दादा. तुमच्या हातानं बरं असतं."

विश्रामने हात फडक्याला पुसले. मग पुन्हा पुसले. नारळ हातात घेऊन तो चाकापाशी वाकला, आणि तसाच राहिला. घाटातलं ते अरुंद वळण त्याला माहीत होतं. तिथं बंद पडलेल्या दोन गाड्या त्याने स्वतः ओढून आणल्या होत्या.

तो उभा राहिला.

"चिंतू, ही गाडी घेऊ नको. हेड गॅस्केट गेलंय. आता गार होऊ दे, मग रेडिएटरचं झाकण काढून चालू करून बघ, पाण्यात बुडबुडे दिसतील. सुई खाली राहावी म्हणून मी सकाळीच व्हॉल्व बदललाय."

शेठनी मोबाइल खिशात टाकला. आवाज चढवला नाही.

"विश्राम, शेड उद्या मोकळी कर," म्हणाले, आणि आपल्या दुसऱ्या गाडीत बसून निघून गेले.

विश्रामला त्याचं एवढं काही वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तो चिंतूकडे वळला.

चिंतू त्याच्याकडेच बघत होता.

"मगाशी मी इचारलं, तवा चढंल म्हनालात."

"हो, पण..."

"नारळ घरी ठेवून आलो असतो तर?"

चिंतूने विश्रामच्या हातातला नारळ हळूच काढून घेतला आणि सपनाच्या पिशवीत ठेवला. मग रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवाल्याला विचारलं, "विक्रमगडची एसटी कुठं थांबते?"

टपरीवाल्याने विश्रामच्या शेडकडे बोट दाखवलं. "तिथंच, दारापुढं."

एसटी यायला पाऊण तास होता. शेडच्या दारात सावली होती. दोघं तिच्या बाहेर, उन्हात, शेडकडे पाठ करून उभे राहिले.