डाव्या बाजूची जागा

तिसऱ्यांदा इंजिन बंद पडलं, तसा ईरण्णानं हातातला पाना खाली ठेवला.

"परत कॉम्प्युटर?" प्रेमनं विचारलं.

"तोच. हात लावून बघा, मास्तर."

प्रेमनं हात लावला आणि चटकन मागं घेतला. वहीएवढी ॲल्युमिनियमची डबी ती. नव्या इंजिनाला डिझेल कधी द्यायचं, किती द्यायचं, सगळं तीच ठरवणार. ती तापली की इंजिन गप्प. आणि ट्रक पन्नास वर्षांपूर्वीचा. असली वस्तू ठेवायला त्याच्या केबिनमध्ये जागाच नव्हती.

शनिवारची दुपार होती. नळदुर्गच्या हायवेलगत ईरण्णाच्या गॅरेजात ट्रक उभा होता. सोमवारी सोलापुरात प्रेमच्या वडिलांचं, बिराप्पांचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी प्रेमला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वय चौऱ्याहत्तर आहे. मी शब्द देऊ शकत नाही." म्हणजे गाडी उद्याच जळकोटला घराच्या दारात उभी राहायला हवी होती.

प्रेम शाळामास्तर. गाड्यांमधलं त्याला काही कळत नव्हतं. एक नंबर मात्र लहानपणापासून पाठ होता, चव्वेचाळीस सतरा. वडिलांबरोबर, आबांबरोबर, हायवेनं चालत जाताना ते प्रत्येक ढाब्यावर थांबायचे. जुने ड्रायव्हर दिसले की विचारायचे, "ह्या नंबरची गाडी कुठं दिसती का?" समोरचा मान हलवायचा. आबा पाणी पिऊन पुढं निघायचे.

आबा विशीत एकटेच जळकोटला आले होते. त्याआधीचं ते कधीच काही बोलत नसत. आई, गजराबाई, म्हणायची, "लग्नाआधी ट्रकवर असतील. गाडी हातची गेली असंल. जीव अडकलाय त्यांचा तिच्यात." आबा यावर हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत.

गेल्या वर्षी ते रानात चक्कर येऊन पडले. शुद्धीवर येताना तोंडात तोच नंबर होता. त्याच आठवड्यापासून प्रेमनं शोध सुरू केला. सात महिन्यांनी हुमनाबादच्या एका भंगारवाल्याकडं गाडी सापडली. इंजिन गेलेलं, पण नंबरची पाटी शाबूत. आकड्यांच्या आधीची अक्षरंसुद्धा आबा सांगायचे तीच.

आबांना त्यानं काहीच सांगितलं नव्हतं.

"सीटखाली बसवला तर?" प्रेमनं विचारलं.

"तिथं बॅटरी हाय."

"पायाखाली?"

"परवा बसवला हुता की. गाडी धुतली अन् पाणी शिरलं."

"मग वर, टपाजवळ?"

"वायर पुरत न्हाय. जोड देऊन वाढवली तर कुठंबी दगा देती. मास्तर, चार दिस थांबा. नीट करून देतो."

"चार दिवस नाहीत माझ्याकडं."

तेवढ्यात फोन वाजला. आई होती. "आबांना धाप लागलीय जरा. आजच दवाखान्यात न्यावं का?"

"डॉक्टरांशी बोलतो," म्हणत प्रेमनं लगेच दुसरा फोन लावला. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, अंगावर सूज आली तर लगेच आणा म्हणाले. प्रेमनं फोन खिशात ठेवला आणि केबिनच्या पायरीवरच बसला.

ईरण्णानं त्याच्याकडं पाहिलं. मग टॉर्च घेऊन तो केबिनमध्ये शिरला. एकेक पत्रा बोटानं वाजवत गेला. डाव्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यात आवाज बदलला.

"हितं पोकळ वाजतंय."

त्यानं स्क्रू काढले. आतला पत्रा सुटून आला. त्यामागं वीतभर खोल जागा होती, कोरडी आणि इंजिनापासून लांब.

"कुणीतरी दुहेरी पत्रा मारलाय," ईरण्णा आत डोकावत म्हणाला. "ह्या बाजूला कवातरी जबर मार बसलाय, बघा. बाहेरून ठोकून सरळ केलंय अन् आतून झाकून टाकलंय. काम घाईत केल्यालं दिसतंय."

"कॉम्प्युटर बसेल का?"

"त्याच्या मापाचीच जागा हाय."

खाली रबर घालून त्यानं डबी बसवली. वायर बरोबर पुरली. इंजिन सुरू झालं. दोघंही घड्याळाकडं बघत उभे राहिले. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. प्रेमनं पत्र्यावर तळहात ठेवला. गार होता. त्याचे डोळे भरून आले.

रविवारी सकाळी ईरण्णा गाडी चालवत होता आणि प्रेम शेजारी बसला होता. नळदुर्ग मागं पडलं. प्रत्येक गतिरोधकाला प्रेम त्या पत्र्याला हात लावून बघत होता, पण इंजिन एकदाही अडखळलं नाही.

आबा दारात बाजेवर बसले होते. गाडी समोर येऊन थांबली. त्यांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग पाटीकडं. बाजेचा आधार घेत ते उठले.

"अहो, हळू," गजराबाई पुढं झाली. त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

ते पाटीपाशी गेले आणि एकेका आकड्यावरून बोट फिरवू लागले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. दारात शेजारी जमले होते.

प्रेमनं खाली उतरून त्यांचा खांदा धरला. "आबा, तुमचीच गाडी. शोधून आणली. इंजिन नवं टाकलंय. एकदा बसा, चालवून बघा."

"मला कुठं गाडी चालवता येती, पोरा?" आबा पाटीवरची नजर न काढता म्हणाले. "म्या मेंढरं राखणारा मानूस."

प्रेमला काही कळेना. "मग हा नंबर?"

आबांनी डोळे पुसले.

"मला धाकटा भाऊ हुता. धुळाप्पा. नऊ वर्साचा. मेंढरं रस्ता वलांडत हुती, त्यो पुढं हुता. ही गाडी त्याच्या अंगावरनं गेली, थांबली न्हाय. तिच्या मागं पळत पळत म्या हे आकडे पाठ केले."